तेच वाक्य, दुसऱ्यांदा

११ फेब्रुवारी

मायना काय लिहायचा ते ठरेना, म्हणून सोडून दिला आहे.

गेल्या मंगळवारी दुपारी मी तातडीच्या नंबरावर फोन केला होता. बाबा स्वयंपाकघरात पडले होते. फोन तुम्ही उचललात. "काय झालंय ते सांगा," एवढंच म्हणालात आणि मी ओळखलं. तुम्ही मात्र ओळखलं नाहीत. "पेशंटशी तुमचं नातं काय?" असं विचारलंत. मी म्हटलं, मुलगा. तुम्ही म्हणालात, "बरं. त्यांचा श्वास चालू आहे का, बघा."

तुम्ही घर सोडून गेलात तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आता माझा आवाज फुटलाय. आत्या म्हणते, फाटक्या भोंग्यासारखा झालाय. तरीपण.

पत्र अशासाठी की, गाडी पोचली की तुमच्याकडची लाईन बंद होते, पुढे माणसाचं काय झालं ते तुम्हाला कुणी कळवत नसेल. बाबा जिवंत आहेत. आयसीयूत आहेत. नाकातोंडात नळ्या आहेत. तुम्ही फोनवर मोजत होतात आणि मी त्यांची छाती दाबत होतो, तेव्हा आतून कट्‌ असा आवाज आला होता. तुम्ही म्हणालात, "थांबू नका, दाबत राहा." त्या दोन बरगड्या होत्या. डॉक्टर म्हणतात, मोडल्या म्हणजे नीट दाबलंस. त्यांना शाबासकी द्यायची होती, पण मला तो आवाज अजून ऐकू येतो. कुणी सुपारी फोडली तरी मी दचकतो.

तुमच्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतोय. कृपा करून फोन करू नका. तुमचा आवाज ऐकला की स्वयंपाकघरातली ती फरशी दिसायला लागते.

पेशंटचा मुलगा


१५ फेब्रुवारी

माझ्या खारू,

तुझं पत्र आमच्या कक्षात आलं तेव्हा सगळे उठून उभे राहिले. इथे आजवर कुणाचं पत्र आलेलं नाही. शेजारच्या टेबलावरचा, ज्याला आम्ही रेडिओ म्हणतो, तो ओरडला, "बाई, आता लोक टपालाने ॲम्ब्युलन्स मागवायला लागले!" मी हसले. मग अक्षर पाहिलं आणि खुर्ची धरून बसले. तुझा 'र' अजून तसाच पाय पुढे टाकून चालतो.

बाबा वाचले हे तुझ्या हातून कळलं, यासाठी मी तुझी कायमची ऋणी आहे. तुझं खरं आहे, आम्हाला शेवट कधी कळत नाही. गाडी पोचते, लाईन बंद होते आणि लगेच दुसरा कुणीतरी ओरडायला लागतो.

नाही रे, नाही ओळखलं मी तुला. कानात हेडफोन असतो, आजूबाजूला गलका असतो, आणि तुझा आवाज खरंच किती बदललाय! मला माफ कर.

मी येऊ का? आत येणार नाही. इस्पितळात बाहेरच्या बाकावर बसेन. तू पाच मिनिटं येऊन भेट. नाही बोललास तरी चालेल.

तुझी,
आई


१९ फेब्रुवारी

येऊ नका.

आणि खोटं का लिहिलंत? त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "दार उघडून ठेवा. वरची कडी अडकते, जरा उचलून सरकवा." मी पळत गेलो, उचलून सरकवली. काल आयसीयूबाहेर बसलो असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळ्या शहराच्या दारांच्या वरच्या कड्या अडकतात का? सगळ्यांना उचलून सरकवायला सांगता?

तुम्ही ओळखलं होतं. ओळखून "पेशंटशी तुमचं नातं काय" विचारलंत.

आता आत्या येऊन राहिली आहे. चांगली आहे, पण दिवसभर बोलते. तिचं म्हणणं, या घरात तुमचं नाव काढायचं नाही, तिच्या भावाच्या हृदयाला ते झेपायचं नाही. यावेळी तिचं बरोबर आहे असं मला वाटतं. कारण विचारू नका.

मी स्वयंपाकघरात जात नाही. पाणीसुद्धा खालच्या शिंपीकाकांकडे जाऊन पितो. काका काही विचारत नाहीत, माप घेतल्यासारखं वरपासून खालपर्यंत बघतात आणि पेला भरून देतात.


२३ फेब्रुवारी

खारू,

पकडलंस. आता खरं लिहिते.

तुझा आवाज येण्याआधी स्क्रीनवर पत्ता आला होता. ज्या घरात मी तेरा वर्षं राहिले त्या घराचा पत्ता. मग आवाज आला. घोगरा, पुरुषी, आणि खाली कुठेतरी, विहिरीच्या तळाशी असावास तसा, तू.

आमच्याकडे नियम आहे. आपलं माणूस लाईनवर आलं की हात वर करायचा, आणि शेजारच्याने ती लाईन घ्यायची. कारण आपल्या माणसाच्या बाबतीत डोकं चालत नाही. मी हात वर केला नाही. तो एक हात वर जायला आणि दुसऱ्याने "हॅलो" म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात तुझा आवाज माझ्या कानातून गेला असता. ते मला जमलं नाही.

आणि तुझं नाव घेतलं असतं तर? तू रडला असतास, मीही रडले असते. मग छाती कुणी दाबली असती? म्हणून पाठ केलेले प्रश्न पाठ केलेल्या क्रमाने विचारत गेले. अंधाऱ्या जिन्यात कठडा धरतात ना, तसे ते प्रश्न धरले होते मी. आमच्या मिशनच्या शाळेत सिस्टर सांगायच्या, हरवलात तर रडायच्या आधी पत्ता सांगा. पुढे हेच माझं पोट भरायचं काम होईल, असं तेव्हा कुठे वाटलं होतं!

पहिल्या पत्रात खोटं लिहिलं, कारण मला भीती वाटली. ओळखून परक्यासारखी बोलले हे कळल्यावर तू पुन्हा लिहिणार नाहीस असं वाटलं. प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो. आमच्या मुख्य बाईंनी मला बोलावलंय, तुझा फोन माझ्यासमोर ऐकणार आहेत. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. तो फोन परत ऐकायचाय, हेच मला जड जातंय.

तू म्हणतोस येऊ नका. मला सवय आहे. तुझ्या बाराव्या वाढदिवसाला आले होते, तेव्हा तू बाथरूमची कडी लावून बसलास. मी बाहेर उभी होते, तू नळ सोडून ठेवला होतास, माझं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून. त्यानंतर मी आले नाही. पण आता तुझे बाबा आजारी आहेत आणि तू पाणी प्यायला शेजारी जातोस. आई म्हणून नको, बाहेरची बाई म्हणून तरी येऊ दे.

आई


४ मार्च

काल तू इस्पितळात आली होतीस का?

आत्याने पाहिलं. म्हणाली, औषधांच्या दुकानापाशी निळा स्कार्फ घातलेली बाई उभी होती, मला पाहून वळली. बाबांना कालच साध्या वॉर्डात आणलंय. त्यांची खाट खिडकीपाशी आहे. त्यांनी खाली पाहिलं असतं तर?

परत असं करू नकोस. हात जोडतो. मी काल दिवसभर त्यांच्या उशाशी बसून त्या यंत्रावरची हिरवी रेघ बघत होतो. ती जरा वाकडी झाली की नर्सला हाक मारत होतो. नर्स म्हणाली, "अरे, ते कुशीवर वळले की हलते ती, तू घरी जा." मी गेलो नाही.

शपथ घाल स्वतःला. येऊ नकोस.


६ मार्च

खारू,

मीच होते. वर येणार नव्हते. खिडक्या मोजत उभी होते, इतकंच. तुझ्या आत्याला पाहून पळाले. पन्नाशीला टेकलेली बाई औषधाच्या दुकानामागे लपली, रिकाम्या खोक्यांच्या ढिगात. दुकानदाराने विचारलं, "काही हवंय का?" मी खोकल्याच्या गोळ्या घेतल्या.

घातली शपथ. येणार नाही.

मला फोनवरून काढून मागच्या खोलीत बसवलंय. तिथे मी दिवसभर गाड्यांसाठी पट्ट्या आणि हातमोजे मोजून देते. चौकशी पूर्ण होईपर्यंत. फार शांत खोली आहे. त्या शांततेत मी तुझं शेवटचं पत्र इतक्यांदा वाचलं, की घडीवर कागद फाटायला आला.

एकच मागते. तुला मी नकोच असेन, तर तसं लिही. एका ओळीत लिही. मी वाचेन आणि पुन्हा तुला लिहिणार नाही, त्रास देणार नाही. पण हे "येऊ नकोस, कारण विचारू नकोस" सहन होत नाही. मी माणसांना दिवसभर "काय झालंय ते सांगा" म्हणते, आणि ती सांगतात. तू सांगत नाहीस.

आई


१३ मार्च

आई,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. चौथ्यांदा लिहितोय. वाचून झालं की तूही फाड.

त्या मंगळवारी बाबा दुकानातून जेवायला घरी आले होते. आम्ही टेबलाशी बसलो होतो. मी बरेच दिवस मनात घोकत होतो ते वाक्य बोललो. "बाबा, या सुट्टीत मला आईकडे राहायला जायचंय." ते काही बोलले नाहीत. पाणी घ्यायला उठले. दोन पावलं गेले आणि पडले.

बस. एवढंच झालं. मी बोललो आणि ते पडले.

हे कुणालाच माहीत नाही. बाबांनासुद्धा नाही. त्यांना त्या दिवसातलं काहीच आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं, आणि तो दिवस परत कधी आठवेलच असं नाही. आत्या सगळ्यांना सांगते, "पोरानं बापाला मृत्यूच्या दाढेतून ओढून आणलं." शाळेत मला पुढे बोलावून टाळ्या वाजवल्या. मी बुटांकडे बघत उभा होतो. मी गप्प बसलो तर कुणालाच कधी कळणार नाही. पण मला माहीत आहे ना.

म्हणून येऊ नकोस म्हणत होतो. नुसतं बोलण्याने असं झालं, तर तू समोर दिसलीस तर काय होईल? आता बाबांना लवकरच घरी सोडणार आहेत. आत्याही थोड्या दिवसांनी जाईल. मग ते आणि मी. चुकून तोंडातून तुझं नाव गेलं तर? मी आतापासूनच कमी बोलायची सवय करतोय.

आणि बाथरूमचं. मी रागाने नव्हतो बसलो ग. बाहेर आलो असतो तर तुझा हात धरून गेलो असतो, आणि बाबा एकटे जेवायला बसले असते. मला तुझं बोलणं ऐकायचं नव्हतं, कारण ऐकलं असतं तर कडी काढली असती.

मला तू नकोस, ही ओळ मी लिहू शकत नाही. पण येऊ नकोस ही ओळही मागे घेऊ शकत नाही.


१६ मार्च

माझ्या बाळा,

तुझं पत्र काल आलं. मागच्या खोलीत, हातमोज्यांच्या ढिगावर डोकं ठेवून मी रडले. पण ते नंतर सांगेन. आधी कामाचं.

परवा मुख्य बाईंनी तुझा रेकॉर्ड झालेला फोन लावला. मला समोर बसवून. मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, आणि आता जे लिहिते ते माझं नाही, तुझ्या तोंडचं आहे. श्वास चालू नाही, असं तू म्हणालास. मी छाती दाबायला शिकवलं, मोजायला लागले. मग गाडीतल्या लोकांना सांगायचं म्हणून मध्येच विचारलं, "त्यांना आज आधी काही त्रास होत होता का?" तू दाबता दाबता, धापा टाकत उत्तर दिलंस. तुला ते आठवतही नसेल. तू म्हणालास, "सकाळपासून डावा हात चोळत होते. दुकानात जाताना जिन्यात बसले. घरी आले तेव्हा घामाने शर्ट ओला होता. जेवले नाहीत, नुसतं ताट पुढे घेऊन बसले."

वाच परत. सकाळपासून. तुझं वाक्य दुपारचं आहे.

आजार सकाळीच दारात येऊन उभा होता, खारू. तू बोललास तेव्हा तो घरात शिरलेला होता. तू त्या वेळी हवापाण्याबद्दल बोलला असतास तरी ते पडलेच असते. आणि तू घरात नसतास, तर आज ते नसते.

मी आई आहे, तुला बरं वाटावं म्हणून काहीही लिहीन, हे तू एकदा पकडलं आहेस. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. त्यांच्या डॉक्टरांना विचार. जसंच्या तसं विचार, त्या वाक्यासकट. आणि बाबांपुढे आता माझं नाव काढलं तर चालेल का, तेही विचार. ते नको म्हणाले तर मी ऐकेन. बाबांना सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव. त्यात मी पडणार नाही.

मुख्य बाई फार कडक आहेत. फोन संपल्यावर त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी हात वर करायचा." मी म्हटलं, हो. दारापर्यंत गेले तेव्हा मागून म्हणाल्या, "मुलगा धीराचा आहे तुमचा." सोमवारपासून मला परत फोनवर घेतलंय.

रडण्याचं सांगायचं राहिलं. चार वर्षं मी त्या नळाचा आवाज ऐकत होते. आता थांबला.

आई


२९ मार्च

आई,

डॉक्टरांना विचारलं. सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "असल्या वाक्यांनी हृदयं बंद पडली असती, तर माझ्या सासूबाईंनी माझं कधीच बंद पाडलं असतं." मग चष्मा काढून नीट समजावलं. बाबांची रक्तवाहिनी कित्येक महिन्यांपासून बुजत आली होती. आता ती मोकळी केली आहे. म्हणाले, "बोल खुशाल. आणि मनात ठेवून स्वतः आजारी पडू नकोस."

बाबा घरी येऊन आठवडा झाला. डॉक्टरांचं पटलं होतं, पण पटणं डोक्यात असतं आणि भीती पोटात. रोज ठरवायचो, रोज दुसरंच काहीतरी बोलायचो.

काल दुपारी आत्या बाजारात गेली होती, तेव्हा बोललो. आधी शिंपीकाकांना जिन्यात उभं केलं. त्यांना म्हटलं, मी हाक मारली तर धावत या. ते कानाला पेन्सिल, गळ्यात टेप, तसेच उभे राहिले. बाबा आरामखुर्चीत होते, दुकानातून आणलेल्या चष्म्यांच्या फ्रेमांचे स्क्रू पिळत होते. मी त्यांच्या दोन्ही बाजूंना उशा ठेवल्या. ते म्हणाले, "काय रे, मी अंडं आहे का?" खिशात फोन होता, तुमच्या कक्षाचा नंबर लावून तयार. मी शेजारच्या खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो.

म्हटलं, "बाबा, या सुट्टीत मला आईकडे राहायला जायचंय."

ते म्हणाले, "काय? मोठ्याने बोल. तुझा आवाज हल्ली कुठून येतो तेच कळत नाही."

मला परत बोलावं लागलं! या वेळी तो भोंगा असा फाटला, की जिन्यातून शिंपीकाका "काय झालं?" करत आत आले. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, उशांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. फ्रेम खाली ठेवली. मी त्यांच्या छातीकडे बघत होतो. वर, खाली. वर, खाली. ती चालूच होती.

ते म्हणाले, "कधीपासून मनात आहे?"

"बरेच दिवस."

"मग आधी का नाही बोललास?"

मी म्हटलं, "बोललो होतो. एकदा."

"मग मी काय म्हणालो?"

आई, मला खोटं सांगता आलं असतं. "जा म्हणालात," असं म्हटलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. मी म्हटलं, "काहीच नाही म्हणालात. पडलात." आणि मग मला रडू आवरेना. शिंपीकाका खिडकीबाहेर बघत राहिले.

बाबांनी एक उशी बाजूला केली. मला जवळ बसवलं. माझा हात घेऊन त्या मोडलेल्या बरगड्यांवर ठेवला. म्हणाले, "म्हणजे उत्तर द्यायचं राहिलंच की माझं." मग म्हणाले, "जा. पण आत्या इथून गेल्यावर जा. तिच्या तावडीत मला एकट्याला टाकून जाऊ नकोस, तेवढं मात्र माझं हृदय खरंच सोसणार नाही."

शिंपीकाका मी नसताना वर झोपायला येणार आहेत. ते म्हणाले, "मी यांचा श्वास ऐकेन, तू तिकडे आईचं ऐक."

मी येतोय. आत्या पुढच्या आठवड्यात जाईल, त्यानंतरच्या शनिवारी. अजून भीती वाटते. बसमध्ये बसल्यावर बाबांना काही झालं तर, हे मनात येतंच. आणि तुझ्या दारात उभा राहिलो की काय बोलायचं तेही माहीत नाही.

तुझा मुलगा


२ एप्रिल

माझ्या खारू,

दारात काही बोलू नकोस. मीही नाही बोलणार. फक्त "काय झालंय ते सांगा" असं चुकून तोंडातून गेलं तर हस.

पोचल्याबरोबर बाबांना फोन करायचा, रोज दोनदा करायचा, आणि वाटलं तर लगेच परत जायचं. मी अडवणार नाही. भीती जात नाही रे इतक्यात. मला विचार. मी तर कालपासून पडदे धुते आहे, वाळलेले पुन्हा धुते आहे.

एक अडचण आहे. या घरात आले तेव्हा तू कधीतरी येशील म्हणून मी तुझ्यासाठी पलंग करून घेतला होता. दर आठवड्याला त्याची चादर बदलते. आज चादर घालताना लक्षात आलं, तो अकरा वर्षांच्या मुलाच्या मापाचा आहे.

सुतार दारात उभा आहे. त्याला मी कपाळापर्यंत हात नेऊन दाखवला, मग डोक्यावर नेला, मग हात तसाच राहिला. तो म्हणतो, "बाई, नक्की केवढा आहे मुलगा?"

मला माहीत नाही. शिंपीकाकांकडे टेप आहे. भिंतीला पाठ लावून उभा राहा आणि लगेच कळव.

आई